स्वप्नाळू डाउनटेम्पो आणि ब्राझिली गळा: गोव्यात घरी अल्बम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरच्या खोलीत, लॅपटॉप आणि एका माइकवर संगीत करणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. सोपे आधी, अडचणीचे नंतर असा क्रम लावला आहे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाउनटेम्पो म्हणजे संथ केलेला ट्रान्सच ना?

नाही. गोवा ट्रान्स साधारण १३५ ते १५० बीपीएमवर (मिनिटाला तेवढ्या मात्रा) चालतो आणि किक, म्हणजे खर्जातल्या मोठ्या ढोलाचा फटका, प्रत्येक मात्रेवर पडते. डाउनटेम्पोची चाल ६० ते ११० बीपीएम असते, पण खरा फरक वेगाचा नाही, मोकळ्या जागेचा आहे. इथे किक मात्रा चुकवते, बास वाजतो तेवढाच थांबतोही, आणि त्या थांबण्यात गळ्याला जागा मिळते. ट्रान्सचा प्रोजेक्ट उघडून त्याचा वेग ९० वर आणला तर दमलेला ट्रान्स ऐकू येतो. हणजुणे-वागातोरच्या ट्रान्सच्या रात्री संपल्यावर पहाटे संथ संगीत लावायची रीत होती, त्यामुळे गोव्याच्या कानाला हा प्रकार परका नाही.

२. "ब्राझिली गायकी" म्हणजे नेमकं काय ऐकायचं? सांबा आणि बोसा नोव्हा एकच का?

सांबा हे मूळ, रस्त्यावरचं आणि अनेक ढोलांचं. बोसा नोव्हा १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिओत त्याच सांब्यातून निघाली. ढोलांचं काम एका नायलॉन तारांच्या गिटारवर आलं आणि गाणं बोलण्याच्या पातळीवर उतरलं. झुआंव जिलबेर्तू यांचं १९५८चं 'शेगा जी साउदाजी' ही त्याची खूण मानली जाते. चाल आंतोनिओ कार्लोस जोबिम यांची, शब्द विनिसियस जी मोराइस यांचे.

गळ्याच्या तीन गोष्टी पकडा. स्वर सरळ राहतो, त्याला कंप देत नाहीत. आवाज समोर बसलेल्या माणसाशी बोलावं एवढाच. आणि ओळ ठेक्याच्या थोडी मागे रेंगाळते किंवा पुढे सरकते, गिटार मात्र आपली जागा सोडत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तिथेच बहुतेकांचं गाणं घसरतं: गळा तरंगू लागला की तेही ठेका सैल सोडतात. दोन्ही तरंगले की ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही.

३. सुरुवातीला कुठले अल्बम ऐकू?

तीनच सांगतो, पण हेडफोन लावून आणि दोनदा ऐका. १९६४चा 'गेट्झ/जिलबेर्तू', त्यातला आस्त्रूद जिलबेर्तू यांचा निरलंकार आवाज. १९९९चा सुबा यांचा 'सांव पाउलो कन्फेशन्स'. आणि २००० सालचा बेबेल जिलबेर्तू यांचा 'तांतु तेंपू', ज्याची निर्मितीही मुख्यतः सुबा यांची. सुबा मूळचे सर्बियाचे, राहायला सांव पाउलोत. 'तांतु तेंपू' बाजारात येण्याआधीच, नोव्हेंबर १९९९मध्ये, घराला लागलेल्या आगीत ते गेले. बेबेल या झुआंव यांच्या कन्या, म्हणजे बोसाचं घर आणि इलेक्ट्रॉनिक्स इथे एका छताखाली आले.

दुसऱ्यांदा ऐकताना एकच पाहा: गळा किती जवळ आहे आणि बाकी सगळं किती मागे. आमच्या मते स्वप्नाळूपणाचं सगळं गणित या अंतरात आहे. पुढच्या उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल.

४. प्रोजेक्ट ७० बीपीएमला ठेवू की १४०ला? दोन्हीकडे गाणं सारखंच वाटतं.

सारखंच आहे. सांबा-बोसा ब्राझीलमध्ये २/४ मात्रेत लिहितात, म्हणून ७० बीपीएमवर सोळांश (पाव मात्रा) मोजा किंवा १४०वर अष्टमांश (अर्धी मात्रा), कानाला तेच. आम्ही ७० सुचवतो. त्यात सोळा खणांच्या एका आवर्तनात पूर्ण नमुना बसतो आणि डिले (प्रतिध्वनी), एलएफओ (आवाज सावकाश हलवणारी लाट) वगैरेचे आकडे आपोआप संथ राहतात. १४०वर काम करणाऱ्यांच्या हायहॅट नकळत दुप्पट होतात.

५. बोसाचा ठेका सिक्वेन्सरमध्ये कसा भरायचा? माझा नेहमी क्यूबन वाटतो.

सोळा खण घ्या. रिमचा (स्नेअर ढोलाच्या कडेचा) 'टक्' १, ४, ७, ११ आणि १४ या खणांवर. क्यूबन वाटतो कारण शेवटचा फटका तुम्ही १३वर ठेवला आहे. तो सोन क्लावे या क्यूबन ठेक्याचा आहे. एका खणाने उशिरा, १४वर न्या, लगेच फरक कळेल.

किक १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६. सांब्यात सुर्दू या मोठ्या ढोलाचा जोर दुसऱ्या मात्रेवर असतो, म्हणून ५ आणि १३ मोठे (व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर, १००च्या आसपास), १ आणि ९ त्याहून हलके (७०), उरलेले ४० ते ५०. शेकर सोळाही खणांवर, प्रत्येक चारातल्या पहिल्या आणि चौथ्यावर किंचित जोर.

आता नेहमीची चूक. ठेका यांत्रिक वाटला की लोक स्विंगचं बटण फिरवतात. स्विंग दुसरा आणि चौथा सोळांश उशिरा टाकतो, सांब्याची लय त्याच्या उलट आहे: चौथा सोळांश थोडा आधी येतो. स्विंग शून्यावर ठेवा आणि शेकरचे ४, ८, १२, १६ हे खण ८ ते १० मिलिसेकंद आधी ओढा. रिम जागेवरच राहू द्या.

डाउनटेम्पोसाठी हे सगळं एकदम वाजवू नका. किकमधले ४ आणि १२ काढा, रिम दुसऱ्या कडव्यापासून आणा. नमुना एकदा कानात बसला की गाळलेले फटके ऐकणारा स्वतः भरतो.

६. सुर्दूऐवजी घुमट वापरलं तर?

जरूर वापरा. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं आणि लहान तोंड उघडं. डाव्या तळहाताने ते तोंड झाकत-उघडत गेलं की खर्ज वाकतो, आणि तो वाकलेला खर्ज सिंथच्या बासशेजारी फार सुंदर बसतो. एक माइक कातड्यापासून २० सेंटिमीटरवर, दुसरा उघड्या तोंडाजवळ १० सेंटिमीटरवर थोडा तिरका, म्हणजे हवेचा झोत थेट लागत नाही. दुसऱ्या माइकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेवा.

घुमटाला पूर्वी लावत त्या घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आहे. आता घुमटं बकऱ्याच्या कातड्याची मिळतात. पावसाळ्यात हे कातडं ढिलं पडतं आणि सूर उतरतो. हेअर ड्रायर लांबून धरून ते कोरडं करा आणि वाजवण्याआधी सूर गाण्याच्या षड्जाशी किंवा पंचमाशी ताडून पाहा. खर्ज अर्ध्या सुराने चुकला तर बास बेसूर वाटतो आणि दोष कुठे आहे ते तासभर सापडत नाही.

७. पोर्तुगीज येत नाही. उच्चार कसे बसवायचे? घरात आजी पोर्तुगीज बोलते, तिच्याकडून शिकू का?

अर्थासाठी आजीकडे जरूर बसा, उच्चारासाठी मात्र सावध राहा. गोव्यातल्या जुन्या पिढीचं पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाचं आहे: स्वर गिळतात, शब्दाच्या शेवटच्या 'स'चा 'श' होतो. ब्राझीलमध्ये स्वर उघडे आणि लांब असतात. गायकीचा मऊपणा तिथूनच येतो.

रिओ-सांव पाउलोच्या वळणासाठी एवढं पाठ करा. 'इ'च्या आधीचा त म्हणजे च आणि द म्हणजे ज. शेवटचा लिखित 'ए'ही 'इ' होतो, म्हणून 'रात्री' या अर्थाचे दोन शब्द लिस्बनला 'द नोइत' आणि रिओत 'जी नोइची'. शब्दाच्या शेवटचा ल 'उ' होतो: ब्राझिऊ. शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून, आपल्या ह-ख च्या मधला: शहराचं नाव तिथे 'हिऊ' असं ऐकू येतं. शेवटचा 'स' सांव पाउलोत स राहतो, रिओत श होतो. एका गाण्यात दोन्ही मिसळू नका.

अनुनासिक स्वरांची मात्र काळजी नको. इंग्रजीत वाढलेल्या गायकांना जे वर्षानुवर्षं जमत नाही ते कोंकणी कानाला सहज येतं. 'कोरासांव'मधला शेवटचा स्वर म्हणजे जवळजवळ आपला कोंकणी 'हांव' (मी). फक्त शेवटी 'व' वर ओठ मिटू नका, स्वर नाकात विरू द्या.

अपवाद: रेसिफेसारख्या ईशान्येकडच्या भागात त आणि द तसेच राहतात. तिकडचा गायक ऐकून शिकत असाल तर 'जी नोइची' करू नका. कुणाचा उच्चार धरला आहे ते आधी ठरवा.

८. मराठी किंवा कोंकणी शब्द या गायकीत बसतात का?

बसतात, पण शब्द निवडावे लागतात. ट, ठ, ड हलक्या आवाजात टोचतात. भ, ध, फ यांचा श्वास माइकवर आदळतो. ओळीचा शेवट उघड्या स्वरावर ठेवा: 'पाणी', 'वारो', 'सांज झाली'. बोलताना 'मन' एकाक्षरी होतो, गाताना 'न'ला स्वर द्यावा लागतो. तो कुठे द्यायचा हे चालीबरोबरच ठरवा, नाहीतर ठेका अडखळतो.

दोन भाषा एका गाण्यात आणायच्या असतील तर सामायिक शब्दांवर पूल बांधा. चावी, जनेल (खिडकी) हे पोर्तुगीजमधूनच आले. काजू तर झाडासकट ब्राझीलमधून आला, आणि नाव मूळ तुपी भाषेतलं. एका भाषेतली ओळ 'काजू'वर संपवून दुसरीतली तिथूनच उचलली, तर भाषा बदलल्याचं जाणवतही नाही.

९. स्टुडिओ परवडत नाही. चिऱ्याच्या घरात गळा कसा रेकॉर्ड करू?

गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज लगेच परत फेकतात. कुजबुजीच्या गाण्यात तो परतावा उठून दिसतो, आणि एकदा रेकॉर्ड झाला की काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून गायकाच्या पाठीमागे ठेवा, कारण माइक गायकाकडे तोंड करून असतो आणि त्याला गायकाच्या मागची भिंत ऐकू येते. दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. खाली चटई पुरत नाही, गादी टाका.

माइक ओठांपासून १० ते १५ सेंटिमीटर, नाकाच्या उंचीवर, किंचित खाली झुकवलेला. मध्ये पॉप फिल्टर. सर्वांत मोठा स्वर −१० डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच गेन. २४ बिटवर याहून वर जायची गरज नसते.

पंखा आणि एसी बंद. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला. बहुतेक घरांत ५० हर्ट्झची गुणगुण तिथूनच येते. वेळ निवडणं ही खरी कला आहे. जून-जुलैत रात्री बेडूक, पाऊस थांबला की रातकिडे, सकाळी-संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा. दुपारी २ ते ४, गाव आडवा झालेला असतो तेव्हा, सर्वांत शांतता मिळते. कौलांवर पाऊस सुरू झाला तर थांबा. तो आवाज आवडतो म्हणून गळ्याखाली राहू देऊ नका. प्रत्येक कापाकापीत तो तुटतो. पाऊस हवाच असेल तर पाच मिनिटं वेगळा रेकॉर्ड करून सलग मागे ठेवा.

१०. पावसाळ्यात कंडेन्सर माइक तळणीसारखा चर्रचर्र करतो. बिघडला का?

बहुधा नाही. कॅप्सूलवर ओल बसली की तिथला विद्युतभार गळतो आणि भजी तळल्यासारखा आवाज येतो. माइक हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत २४ तास ठेवा, मग फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधून मिळणारी वीज) देऊन अर्धा तास तसाच राहू द्या. रंग बदलणारं सिलिका घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजलं की पुन्हा कामाला येतं. तांदळाच्या डब्यात माइक ठेवू नका, पीठ आत जातं.

एसीच्या थंड खोलीतून माइक थेट दमट पडवीत आणला तर त्यावर पाणी साचतं. तो बंद पेटीतच बाहेर आणा आणि तासाभराने उघडा. चोवीस तास कोरडा ठेवूनही आवाज राहिला तर कॅप्सूल मळलं आहे. ते जाणकाराकडून साफ करून घ्या, स्वतः कापूस लावू नका.

११. स्टीलच्या तारांची गिटार आहे. चालेल?

सुरावटीसाठी चालेल, बोसाच्या साथीसाठी नाही. नायलॉनचा ठोसा मऊ असतो आणि लगेच विरतो, म्हणून तो गळ्याच्या आड येत नाही. अंगठा मात्रेवर खर्ज धरतो, तीन बोटं एकत्र सुरांचा गुच्छ (कॉर्ड) ओढतात. गुच्छ मेजर सेव्हन्थ, सिक्स-नाइन, मायनर नाइन्थ असे. खर्ज बास सिंथकडे दिला असेल तर गिटारवरचा अंगठा बंद करा, नाहीतर दोघं भांडतात. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे पावसात ती ८५च्या वर जाते, लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. पेटी आणि सिलिका, प्रश्न १०प्रमाणे.

१२. गळा स्वप्नाळू करायला रिव्हर्ब (घुमारा) वाढवतो, पण शब्दच हरवतात. काय चुकतंय?

सगळं धुकं गळ्यावर टाकलं जातंय. गळा कोरडा आणि जवळ हवा, धुकं त्याच्या मागे. तसं असेल तरच त्या धुक्याला खोली येते.

आधी गळा नीट करा: ८० हर्ट्झखालचं काढा, ३:१ कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबणं), ४ ते ५ डेसिबलपेक्षा जास्त दाब नको. 'स' टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर. मग रिव्हर्ब वेगळ्या सेंड ट्रॅकवर, थेट गळ्याच्या ट्रॅकवर कधीच नको. प्लेट प्रकार, शेपटी सुमारे २ सेकंद, २५० हर्ट्झखालचं आणि ६ किलोहर्ट्झवरचं कापलेलं.

शब्द वाचवतो तो प्री-डिले, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा छोटा थांबा. ८४ बीपीएमला एक मात्रा ७१४ मिलिसेकंदांची होते, तिचा सोळावा भाग सुमारे ४५. एवढा प्री-डिले दिला की व्यंजन आधी कोरडं ऐकू येतं आणि धुकं नंतर उठतं. डिले हवा असेल तर दीडपट अष्टमांश, म्हणजे ५३६ मिलिसेकंद. शेवटी रिव्हर्बच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याची साइडचेन गळ्याला जोडा: गाताना धुकं ३-४ डेसिबल खाली दबतं, ओळ संपली की वर येतं. ऐकणाऱ्याला युक्ती कळत नाही, फक्त ओळीच्या शेवटी समोरची जागा मोठी झाल्यासारखी वाटते.

तपासणी: मोबाइलच्या स्पीकरवर लावा, नळ सुरू ठेवून भांडी घासा. शब्द कळले तर गळ्याची पातळी बरोबर.

१३. श्वासाचे आवाज कापून टाकू का?

नको. या गायकीत श्वास हा ओळीचाच भाग आहे. फार मोठा वाटला तर ६ डेसिबल खाली आणा. सगळे कापले तर आवाज यंत्राचा वाटतो.

१४. जुनं बोसा गाणं नव्या रूपात गायचं आहे, किंवा जुन्या रेकॉर्डचा दोन सेकंदांचा तुकडा घ्यायचा आहे. "एवढं चालतं" म्हणतात, खरं का?

खरं नाही. दोन सेकंद किंवा चार मात्रा मोफत, अशी सूट भारतीय कायद्यात नाही. तुकडा घ्यायचा तर दोन परवानग्या: रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या मालकाची. स्वतः नव्याने वाजवलं तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच.

मुदतीचं गणित असं. भारतात रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि चाल व शब्द ही वेगळी कामं. जोबिम १९९४ साली गेले, त्यांच्या चाली २०५४अखेरपर्यंत संरक्षित. विनिसियस १९८० साली गेले, त्यांचे शब्द २०४०पर्यंत. ब्राझीलमध्ये मुदत ७० वर्षांची आहे आणि स्ट्रीमिंग जगभर जातं, म्हणून भारतातली मुदत संपली तरी तेवढ्याने भागत नाही. आमचा सल्ला: पहिल्या अल्बममध्ये सगळी गाणी स्वतःची ठेवा. ठेका आणि गुच्छांचा क्रम कुणाच्या मालकीचा नसतो, सुरावट असते.

१५. मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) किती मोठं करू? पुढे विनाइल काढायचं मनात आहे.

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी −१४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतं, त्यामुळे दाबून −८ केलेलं मास्टर पुन्हा खाली येतं आणि दाबल्याचा थकवा तेवढा उरतो. या संगीताला −१५ ते −१४ उत्तम, ट्रू पीक (लाटेचं सर्वांत उंच टोक) −१.

विनाइलसाठी वेगळं मास्टर काढा. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीला एका बाजूला १८ ते २० मिनिटं, म्हणजे एकूण नऊ-दहा गाणी. १२० हर्ट्झखालचा सगळा बास मोनो. तबकडीच्या आतल्या खाचांत 'स' आणि 'च' फुटतात, आणि ब्राझिली पोर्तुगीजमध्ये 'च' भरपूर (प्रश्न ७). म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत, शक्यतो शब्दांविना ठेवा.

१६. किनाऱ्यावर वाजवताना गळा वाढवला की शिट्टी येते. आणि १०नंतर काय करायचं?

कुजबुजीला गेन जास्त लागतो, म्हणून फीडबॅक लवकर येतो. स्टुडिओचा कंडेन्सर घरी ठेवा. कार्डिओइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) डायनॅमिक माइक ओठांना टेकवून घ्या, मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीमागे, नाहीतर इन-इअर. वाऱ्यासाठी फोमची टोपी. मंचावर रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मा, कारण मोकळ्यावर तो शिट्टीला खतपाणी घालतो. लॅपटॉपवरून गळा जात असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलपेक्षा वर नको, नाहीतर गायक स्वतःच्याच मागे पडतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंद सभागृहाला सूट मिळते, शॅकला नाही. ठरावीक दिवशी १२पर्यंत सवलत असते, पण ती सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच. सूर्यास्तापासून साडेनऊपर्यंतचा कार्यक्रम आखा. शेवटची दोन गाणी ठेक्याशिवाय, फक्त गिटार आणि गळ्याची ठेवली तर आवाज आपोआप खाली येतो आणि घड्याळ बघत कुणी वायर ओढायची वेळ येत नाही.

घरी परतल्यावर सगळे जॅक कोरड्या फडक्याने पुसून त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. खारी हवा एका मोसमात पितळ हिरवं करते, आणि मग पुढच्या वेळी प्लग हलला की खरखर सुरू होते.